पाळणाघरातली जागा

"आण इकडे तुझा भोपळा, आणि ही घे माझी चिमणी," चष्मेवाली म्हणाली, आणि कोपऱ्यावर दोघींनी पोरांची अदलाबदल केली.

ही शक्कल चष्मेवालीचीच. पहिल्या दिवशी पाळणाघराच्या अलीकडे, इथे कोपऱ्यावरच दोन्ही पोरांनी असा गळा काढला होता, की समोरचा न्हावी वस्तरा घेऊन बाहेर आला. "कोणाला कापताय?" म्हणाला. तेव्हा चष्मेवालीची ट्यूब पेटली. पोर रडतं ते स्वतःच्या आईसाठी. मावशीसाठी कोण रडतंय? तेव्हापासून भोपळ्याच्या आईने चिमणीचं बोट धरून आधी जायचं, पाच मिनिटांनी चष्मेवालीने भोपळ्याला घेऊन जायचं. संध्याकाळी आणतानाही तसंच. पोरं हसत आत. गेटवरच्या बाई खूश, न्हावीही खूश.

भोपळ्याच्या आईला चष्मेवाली 'कॉलर' म्हणायची. शर्टाच्या कारखान्यात ही दिवसभर कॉलरी लावायची म्हणून. दोघी एकाच जिन्यातल्या, पोरंही एकाच महिन्यातली. लस टोचायला गेल्या तेव्हा ओळख झाली, आणि मग एकीच्या घरात साखर संपली की दुसरीच्या घरात वाटी वाजायची.

पण पाळणाघरात जागा एकच होती.

"आठवडाभर दोघांना बघू, सोमवारी सांगू. नाव-गाव तेव्हाच लिहू," असं बाई म्हणाल्या होत्या.

कॉलरचं सगळं त्या सोमवारवर अडलं होतं. मुकादमाने तोंडावर सांगितलं होतं, "सोमवारपासून पूर्ण पाळी. जमत नसेल तर मशीन दुसरीला देतो." सासूने गुडघे दाखवून हात वर केले. नवरा म्हणाला, "बघू." त्याचं 'बघू' म्हणजे भिंतीने दिलेला शब्द.

चष्मेवालीचे हाल तर कुत्रा खाईना. घरात नवरा नाही. इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम, तिथल्या वाफेत पोरगी सोबत बसायची आणि संध्याकाळभर खोकायची. आता तर पोर आणायचं नाही म्हणून ताकीदच मिळाली होती.

"तुला मिळाली जागा तर?" कॉलरने विचारलं.

"तर तुझ्या भोपळ्याला फुगा. आणि तुला मिळाली तर मी आठ दिवस तुझं तोंड बघणार नाही."

"आणि नवव्या दिवशी?"

"येईन की साखर मागायला. जातेय कुठे?"

दोघी हसल्या. हसणं लवकर संपलं.

गुरुवारी कॉलर लवकर सुटली आणि पाळणाघराच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. आत चिमणी मांडी घालून, हात हलवत गाणं म्हणत होती. बाईंनी तिचा गालगुच्चा घेतला. भोपळा पाण्याच्या बादलीत ठोकळे आपटत होता आणि ओरडत होता. कोणाला घेणार हे आंधळ्यालाही दिसलं असतं. कॉलरला स्वतःच्या पोराचा राग आला. मग त्या शहाण्या पोरीचाही आला.

शुक्रवारी तिने चिमणीला आत सोडलं, पण परत फिरली नाही. गेटवर बाई एकट्याच होत्या.

"बाई, एक सांगू? माझं नाव नका घेऊ."

"बोला ना."

चिमणीचं नाव काही तोंडातून निघेना. किती वेळा तिचं नाक पुसलं होतं, आंघोळ घातली होती.

"ती जाड चष्म्याची येते ना, माझ्या मागून? तिचं पोर चावतं. कडकडून. परवा एकाचा लचकाच तोडायचा बाकी होता."

अगदीच खोटं नव्हतं ते. एकदा बिस्किटावरून चिमणीने भोपळ्याला दात लावले होते. संध्याकाळपर्यंत खूणही राहिली नव्हती.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अगं बाई! बरं झालं सांगितलंत. इथे बारा पोरं सांभाळायची असतात."

कॉलर निघाली तेव्हा रस्त्यात चष्मेवाली समोरून येत होती, कडेवर भोपळा. तो गालात हसत तिचा चष्मा ओढत होता.

"तोंड का गं पाडलंयस?" चष्मेवाली थांबली. "परत मुकादम बोलला?"

"हो."

"मरू दे मेल्याला. होईल काहीतरी."

कॉलरने मान हलवली आणि झपझप चालायला लागली.

शनिवारी तिने दार उघडलंच नाही. रविवारी चष्मेवाली चिमणीचा एक स्वेटर दाराच्या कडीला अडकवून गेली. "पाळणाघरात गारठा असतो, भोपळ्याला होईल," असं बंद दाराबाहेरूनच म्हणाली. कॉलरने तो आत घेतला आणि दिवसभर त्याच्याकडे पाठ करून बसली.

सोमवारी निकाल म्हणून दोघी एकदमच निघाल्या. कोपऱ्यावर पोरांची अदलाबदल झाली. भोपळा चष्मेवालीच्या खांद्यावर गाढ झोपला होता. चिमणी कॉलरचं बोट ओढत होती, तिला आतला लाकडी घोडा दिसत होता.

"काही झालं तरी रुसायचं नाही हं, कॉलर," मागून चष्मेवाली म्हणाली. आवाज कापरा होता. "मला दुसरं कोण आहे?"

कॉलरने मागे बघितलं नाही.

बाई गेटवर आल्या. वाकून त्यांनी चिमणीचं बोट कॉलरच्या हातातून सोडवून आपल्या हातात घेतलं.

"जागा तुमच्या मुलीला दिली हो," बाई कॉलरला म्हणाल्या, आणि मागे चष्मेवालीच्या खांद्यावर झोपलेल्या भोपळ्याकडे मान उडवली. "तुम्ही शुक्रवारी सांगितलंत म्हणून बरं, नाहीतर यांचं हे चावरं पोर आमच्या गळ्यात पडलं असतं."