नाण्यावरचा अंगठा

संग्राहकांसाठी खास चकाकी देऊन पाडलेल्या दुर्मीळ 'प्रूफ' सुवर्णनाण्याच्या आरशासारख्या पृष्ठावर बोटाचा ठसा दिसला, त्या दिवसापासून सासऱ्यांनी सुनेला संग्रहाच्या खोलीचा उंबरा ओलांडू दिला नव्हता. आठ वर्षे ते आल्यागेल्यासमोर तिला ऐकवीत, "मी हातमोज्यांवाचून नाण्याला शिवत नाही. हा उपद्व्याप हिचाच!" आज ते नाणे तपासायला पारखी आले, तेव्हा तिने आपल्या कानांनी ऐकावे म्हणून तिला मुद्दाम दारात उभे केले.

पारख्यांनी भिंग लावले. "ठसा अंगठ्याचा आहे. मधोमध जुन्या जखमेचा तिरका व्रण दिसतो."

सासऱ्यांनी आपला उजवा अंगठा हळूच मुठीत दडवला.



सून उंबरा ओलांडून आत आली आणि मेजावरचे पांढरे हातमोजे त्यांच्यापुढे धरून म्हणाली, "मूठ कशाला मिटता, मामंजी? हे घाला."