नववा प्रश्न

छातीत दुखत असूनही माणसं डॉक्टरकडे उशिरा का जातात, यावर धम्मदीनाचा एम.ए.चा प्रबंध होता. प्रश्नावली पेशंटकडे नेण्याआधी घरच्या कोणावर तरी तपासून बघ, असं तिच्या गाइड मॅडम म्हणाल्या. तिनं राऊ गावातल्या घरच्या फ्लॅटमध्ये पप्पांना समोर बसवलं आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. वीस प्रश्न अकरा मिनिटांत आटोपले. मॅडम खूश झाल्या.

महिन्याभरात पप्पा हार्ट अटॅकनं गेले.

आता रोज चहाच्या वेळी आई म्हणते, "दीना, यांचा आवाज लाव ना जरा." फोनमधून पप्पा खाकरतात, हसतात, "परीक्षा माझी आहे का तुझी, बेटा?" असं विचारतात. आईही हसते. आठवा प्रश्न संपला की दीना रेकॉर्डिंग थांबवते.

"रोज इथंच का बंद करते गं?"

"पुढे काही खास नाही, आई. नुसते आकडे आहेत."

आज आई शेजारी गेली, तेव्हा दीनानं एकटीनं पुढचं ऐकलं. आधी तिचाच आवाज आला.

"प्रश्न नऊ. दुखणं तुम्ही अंगावर काढता का?"

"अरे, मागच्या हप्त्यात जिना चढताना डावा हात असा भरून आला की मी मधेच बसलो. तुझ्या आईला नाही सांगितलं, खामखा टेन्शन..."

"पप्पा, किस्से नका ना सांगू. एक ते पाचमधला आकडा सांगा."

"अच्छा, अच्छा. मग तुला चालेल तो लिही, बेटा."