उरलेला कोपरा

"मालक, काय ते एकदाच सांगा," सुतार म्हणाला. हातात खडू घेऊन तो नव्या दुकानाच्या मोकळ्या फरशीवर उकिडवा बसला होता. "टेबलं फरशीत पक्की बसवायची म्हणता. म्हणजे एकदा ठोकलं की ठोकलं. मागून 'जरा इकडे सरकव' चालणार नाही."

"सांगतो की." बाइंडरची उभी हयात पुस्तकं बांधण्यात गेली होती. नवं दुकान त्याच्या डोक्यात कधीच आखून झालं होतं. "खिडकीशी माझं टेबल. मधे कटिंग मशीन. आणि त्या मागच्या कोपऱ्यात बहिणीचं, शिवणीचं. जुन्या दुकानात होतं तसंच. काय गं, चालेल ना?"

"मला काय, कुठेही चालेल," बहीण म्हणाली आणि खळीचा डबा धुवायला मागच्या नळावर गेली.

"तिला कोपराच आवडतो," बाइंडरने सुताराला सांगितलं. "बारा वर्षं तिथेच बसून पानं शिवतेय. एका शब्दाने कुरकुर नाही."

"नाही आवडत."

हे बोलली बाइंडरची मुलगी. वय साडेचार. घरात तिला मुंगी म्हणत. बालवाडी सुटली की दुपारभर ती दुकानात असे, आणि आत्ता पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर पाय हलवत बसली होती.

"मोठ्यांच्या मधे बोलू नये, मुंगे."

"पण आत्याला खिडकी आवडते. जुन्या दुकानात तुम्ही माल पोचवायला गेलात की ती स्टूल उचलून खिडकीशी नेते. शिवायची चौकटपण नेते. मग तुमची स्कूटर वाजली की परत कोपऱ्यात."

बाइंडर हसला. "अगं, सुई ओवायला उजेड लागतो. तेवढ्यापुरती जात असेल."

"सुई ती माझ्याशी बोलता बोलता ओवते. बघतसुद्धा नाही."

"मग उकडत असेल."

मुंगीचे पाय हलायचे थांबले. तिने विचार केला. "तुम्ही असता तेव्हापण उकडतंच. तेव्हा नाही जात."

"आमच्या सासूबाईंच्या वरताण आहे पोरगी," सुतार पुटपुटला. फरशीवर टेकलेला खडू त्याने परत उचलून धरला.

आता बाइंडरला विषय सोडवेना. "जात असेल सहज. बसून बसून कंटाळा येतो माणसाला."

"सहज कसं? ते लोखंडी स्टूल आहे. आत्याच्या पाठीला पट्टा आहे. डॉक्टर म्हणाले ना, जड उचलू नका? तरी ती उचलते. जाताना एकदा, येताना एकदा." मुंगीने दोन बोटं वर केली. "खूप आवडत असेल तरच ना?"

बाइंडरने ते स्टूल आठवून पाहिलं. त्याला स्वतःला ते एका हाताने उचलवत नसे.

"मग बोलली का नाही ती? आत्ता तुझ्यासमोर विचारलं ना मी?"

"आधी तुम्ही खिडकी घेतलीत. मग विचारलंत." मुंगी त्याला सावकाश समजावू लागली, लहान मुलाला सांगावं तसं. "शाळेत रंगखडू वाटतात ना, मी शेवटी बसते. मला रोज तपकिरीच मिळतो. बाई म्हणतात, तुला तपकिरी फार आवडतो वाटतं. मला नाही आवडत. तोच उरतो."

बारा वर्षं बाइंडर त्याच बहिणीच्या शेजारी काम करत होता. या पोरीला दुकानात येऊ लागून सहा महिनेही झाले नव्हते.

बहीण ओले हात पदराला पुसत आत आली. तिघांना आपल्याकडेच बघताना पाहून दारातच थांबली. "काय झालं?"

बाइंडरने सुताराच्या हातातला खडू घेऊन तिच्यापुढे धरला. "तुझं टेबल तू आख. मी अजून कुठलीच जागा घेतलेली नाही."

"अरे, मला कुठेही..."

"कुठेही म्हणजे कुठे? यांना ठोकायचंय."

"पण तू कुठे बसणार, दादा?"

"तुझं झाल्यावर बघू."

तिने दादाकडे पाहिलं, सुताराकडे पाहिलं. मग ती खिडकीशी गेली, एका हाताने भिंतीचा आधार घेत जपून खाली बसली, आणि खिडकीपासून हातभर आत तिने एक रेघ ओढली.

थोडा वेळ ती रेघेकडे बघत राहिली. मग तळव्याने ती पुसून टाकली, आणि दुसरी थेट खिडकीखालच्या भिंतीला लावून ओढली.