पुठ्ठ्याचा आडोसा

विधानसभेच्या निवडणुकीत पंच्याऐंशीच्या वरच्या म्हाताऱ्यांचं मत घरी येऊन घेत होते. तेल्हाऱ्याजवळच्या त्या गावात पथक आलं, तेव्हा खुशालरावानं मागच्या खोलीची कडी काढली. आत खाटेवर त्याची माय, गोकर्णाबाई, बसलेली होती.

“तिले काही समजत नाही मॅडम. मीच करून देतो खूण.”

“तुम्ही अंगणात थांबा,” मतदान अधिकारी मॅडम कडक आवाजात म्हणाल्या. “आजींच्या मतावर कोणाचाही दबाव चालणार नाही.” त्यांनी सोबतच्या पोलिसालाही बाहेर काढलं, गोकर्णाबाईसमोर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला आणि मतपत्रिका तिच्या हातात दिली.

गोकर्णाबाईनं आडोशावरून दाराकडं पाहिलं. “गेला का थो?”

“गेले. आता कोणाला भिऊ नका.”

“मंग आयक. हा मले इथं कोंडून ठेवते. तुमी येनार म्हून आज कडी काढली. कोनाले तरी सांग वं माय.”

मॅडमनी हातातलं पेन पुढं केलं. “आजी, आम्ही फक्त मत न्यायला आलोय.”

गोकर्णाबाईनं कुठल्यातरी नावापुढं खूण केली. मॅडमनी पाकीट नीट चिकटवलं.

अंगणात खुशालरावानं विचारलं, “एवढा वेळ काय सांगून राहिली होती बुढी?”

“ते आम्हाला सांगता येत नाही,” मॅडम म्हणाल्या. “मतदान गुप्त असतं.”

“बेस,” खुशालराव म्हणाला, आणि आत जाऊन त्यानं खोलीची कडी लावली.