वर्षभर टिकणारं

नजर अधू झाल्यामुळे डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली, तेव्हा काकांनी नाइलाजानं ती विकायचं ठरवलं. गिऱ्हाईक येण्याआधी रंग चमकावा म्हणून ते काकूंसोबत दुकानात गेले. दुकानदारानं दोन बाटल्या पुढे ठेवल्या. “हे वॅक्स चमक झकास देतं, पण दोन महिन्यांत उतरतं. हे सीलंट वर्षभर रंग सांभाळतं.” “वॅक्सच द्या,” काका म्हणाले. “आठवड्याभरात गाडी जाणारच आहे.” “सीलंट द्या,” काकू म्हणाल्या. “अगं, वर्षभर गाडी चालवणार कोण?” काकूंनी पर्समधून कोरं करकरीत लायसन्स काढलं. “शिवणाच्या क्लासला जाते म्हणत होते ना? तो क्लास गाडीचा होता.” काका ते डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघत राहिले. मग सीलंट घेऊन घरी आल्यावर हसत गाडीची किल्ली काकूंच्या हातात ठेवून शेजारच्या सीटवर बसले. गाडी सुरू होण्याआधीच त्यांनी नसलेला ब्रेक करकचून दाबला.