पाड्यावर लाहू नावाचं कोणी नाही

“लाहू? कोण लाहू?” बुधीने विचारलं आणि काखेतला कोंबडा जरा घट्ट धरला.

लाहू तिचा एकुलता एक मुलगा. कोंबडाही त्याच्यासाठीच धरलेला. पण हे पोलिसाला कशाला सांगायचं!

सुदाम हवालदार नुकताच आला होता. कैनाडच्या अलीकडच्या या पाड्यावर भाताची झोडणी चालली होती, त्यामुळे झाडून सगळी माणसं खळ्यावर होती. हवालदाराने मोटारसायकल कडेला लावली, हेल्मेट काढलं आणि विचारलं, “लाहूचं घर कोणतं?” बाकी काही बोलला नाही. आधी काम सांगावं, मग नाव विचारावं, एवढी साधी गोष्ट. पण पोलिसाला ती कोण शिकवणार?

लाहू गुजरातेत बोटीवर खलाशी म्हणून गेला होता. मासळीच्या मागे बोट हद्दीपलीकडे गेली आणि खलाशांसकट पाकिस्तानात पकडली गेली. तेव्हापासून तो तिकडच्या तुरुंगात. मग तिकडे कोंडलेल्या माणसाला पोलीस इकडे का शोधतोय? शेजारच्या शुक्राने डोकं चालवलं आणि हातातली पेंढी तशीच धरून तो लाहूच्या बायकोच्या, रूपीच्या कानाशी लागला.

“पळाला! तुझा घरवाला तुरुंग फोडून पळाला!”

रूपीने तोंडात पदर कोंबला. लाहू गेल्यापासून ती अशी हसलीच नव्हती. बातमी खळ्याच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत लाहूने समुद्र पोहून पार केला होता आणि तो चिखल्याच्या किनाऱ्याला लागलाही होता. संध्याकाळपर्यंत घरी येणार, यात कोणाला शंका उरली नाही. बुधी उठली आणि तिने पाड्यातला सगळ्यात माजलेला कोंबडा पकडला.

पोलिसाने नाव विचारलं की नाव विसरायचं, ही पाड्याची जुनी रीत. पण इतक्या आनंदाने ती कोणी कधी पाळली नव्हती.

“लाहू नावाचा माणूसच नाय इकडं,” शुक्रा म्हणाला.

“नाय ओळखीत,” रूपी गळ्यातले मणी पदराखाली झाकत म्हणाली.

“आणि कोंबडा कोणासाठी, आजी?”

“पावणा यायचाय.”

तेवढ्यात खळ्यावरच्या सगळ्यांना एकदम खोकला आला. हसू दाबायला दुसरा उपाय नव्हता. हवालदार गोंधळून या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत राहिला. शेवटी त्याने हेल्मेट चढवलं.

“बरं. मग राहू दे त्याला तिकडेच.”

“तिकडं म्हंजे?” रूपीने विचारलं.

“तुरुंगात. शिक्षा संपून वर्ष झालं त्याची. संपल्यावर एक दिवससुद्धा माणसाला डांबून ठेवता येत नाही, मग तो कुठल्या का देशाचा असेना. पण इकडून कोणीतरी ‘हा आमचा’ म्हणायला पाहिजे ना? कागदपत्रं सगळी बोटीबरोबर गेली. म्हणून मला पाठवलं, गावात विचारून ये. आता तुम्हीच नाही म्हणताय, तर मी तेच कळवतो.”

त्याने गाडी सुरू केली. खोकला थांबला होता. आपल्याच तोंडाने आपण लाहूच्या तुरुंगाला कुलूप लावलं, हे रूपीला कळलं आणि ती पेंढ्या तुडवत धावली. गाडीपुढे आडवी झाली, दोन्ही हातांनी हँडल धरलं.

“माझा हाय तो! माझा घरवाला हाय!”

तिच्या मागे अख्खा पाडा धावला. मग जे सुरू झालं ते काही विचारू नका. त्याच्या डाव्या पायावर कोयत्याची खूण आहे. तो झोपेत भांडतो. तारपा वाजला की नाचात त्याचाच पाय चुकतो आणि पुढच्या बाईला लागतो, विचारा पाहिजे तर तिला. ती बाईही पाय दाखवायला पुढे आली. शुक्राने तर लाहूला मांडीवर खेळवल्याची शपथ घेतली. शुक्रा लाहूहून चांगला चार वर्षांनी लहान होता.

“गप्प!” हवालदार ओरडला. त्याने गाडी बंद केली. “मघाशी एकालाही ठाऊक नव्हता आणि आता सगळ्यांच्या मांडीवर खेळला? कोणाच्याही सांगण्यावर मी सही ठोकू काय? उद्या वरून विचारलं तर नोकरी माझी जाईल. खरं सांगा, खोटं मघाशी बोललात की आता बोलताय?”

शुक्रा जमिनीकडे बघायला लागला. रूपीने हँडल सोडलं नाही, पण तिचे डोळे भरून आले. आता काय सांगितलं म्हणजे हा माणूस विश्वास ठेवेल, तिला सुचत नव्हतं.

सगळ्यात शेवटी बुधी पोचली, धापा टाकत. गडबडीत कोंबडा तिच्या काखेतून निसटला होता आणि छपरावर बसून सगळ्या गावाला शिव्या घालत होता.

“मघाशी बोललो खोटं,” ती म्हणाली. “आमाला वाटलं, पोर पळून आला. तू धरून नेशील.”

“म्हणून सगळ्यांनी मिळून?”

“सगळ्यांनी.” बुधीने त्याच्या गाडीवर हात ठेवला. “आता तूच सांग साहेब, परक्याच्या पोरासाठी सगळा पाडा खोटं बोलेल काय?”