बघण्याचा कार्यक्रम

पस्तिशीतल्या नवनाथला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा, विसरण्या-हरवण्याचा त्रास आहे का, ते ठरवायला डॉक्टरबाईंना त्याचं लहानपण सांगणारं माणूस हवं होतं. म्हणून तो नांदगावहून आईला, विठाबाईंना, गंगापूर रोडच्या दवाखान्यात घेऊन आला. पण पोराची चौकशी म्हणजे सोयरिकच, असं विठाबाईंचं पक्कं गणित.

"वस्तू हरवायचा का?"

"कधीच नाय. लय टापटीप पोरगं."

"आई, इथं खरं सांगायचं असतं!"

"गप. खरं सांगून नामपूरचं स्थळ गेलं."

निघताना विठाबाईंनी त्याच्या पायांपुढे मुद्दाम ठेवलेली पिशवी उचलली. त्याच्या पायांत दोन निराळ्या चपला! डॉक्टरबाई बघतच राहिल्या.

"त्यात काय? घाईत समद्यांचंच होतं," म्हणत विठाबाईंनी पुराव्यादाखल स्वतःचे पाय पुढे केले. एकात काळी चप्पल होती, दुसऱ्यात लाल.